आधी पाहुणा, मग सेवक

शिकण्यासाठी शहरात आलेल्या गरीब विद्यार्थ्याने सात घरी सात वार लावावेत आणि रोज वेगळ्या घरच्या पंक्तीला बसावे, ही रीत महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चांगली रूढ होती. त्या विद्यार्थ्याने शाळेत जे संपादन केले त्याची नोंद त्याच्या दाखल्यावर होत असे. परंतु सात गृहिणींच्या हातचे सात प्रकारचे अन्न खाताना तो जे शिकला, त्याचा दाखला त्याला कोणी दिला नाही. कोणत्या घरी दुसऱ्यांदा भात मागितलेला चालतो आणि कोणत्या घरी तो मागितल्याने बाईंची पंचाईत होते. कोठे आपले ताट आपण उचलावयाचे आणि कोठे ते उचलू लागल्यास यजमानाला कमीपणा वाटतो. घरात आजारपण असेल त्या दिवशी काही न बोलता उपाशी कसे परतावयाचे. हे सारे तो डोळ्यांनी आणि क्वचित कानउघाडणीने शिकला. पुढे त्यांतील कित्येक जण नामवंत झाले, त्यांनी आत्मचरित्रे लिहिली आणि त्या घरांचा उल्लेख दोन-चार ओळींत कृतज्ञतेने केला. त्या गृहिणींनी मात्र काहीच लिहून ठेवले नाही.

या रीतीचा आम्ही उगाच गौरव करू इच्छीत नाही. ती दारे बहुतेक ठिकाणी ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडी होती. ज्यांना ती बंद होती त्यांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून शाहू छत्रपतींना १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडण्यास साहाय्य करावे लागले, आणि पुढे निरनिराळ्या समाजांसाठी अशी वसतिगृहे उभारावी लागली. पाहुणचाराच्या प्रत्येक कथेत एक उंबरठा असतो, आणि तो कोणाला ओलांडता आला व कोणाला नाही हे विचारल्यावाचून ती कथा पुरी होत नाही.

ही जुनी रीत आठवण्यास एक निमित्त घडले. विसाव्या शतकात परदेशी जाऊन सेवा करणाऱ्या स्वयंसेवकांच्या ज्या चळवळी झाल्या, त्यांचा इतिहास आम्ही गेले काही दिवस वाचीत होतो. सेवेला जाणाऱ्या तरुणाची तयारी कशी करावी, हा या चळवळींपुढचा पहिल्यापासूनचा प्रश्न. त्याचे उत्तर शोधताना त्यांनी विद्यापीठे धुंडाळली, मानसशास्त्रज्ञ नेमले, डोंगर आणि समुद्र पालथे घातले. अखेरीस त्या जेथे येऊन पोहोचल्या ती जागा आपल्या वार लावणाऱ्या विद्यार्थ्याला केव्हाच ठाऊक होती: परक्या घरातील स्वयंपाकघराच्या दाराशी. हा प्रवास कसा झाला आणि त्यात कोणाचे ऋण फेडावयाचे राहून गेले, ते येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

आरंभ पहिल्या महायुद्धाच्या राखेतून करावा लागतो. पिएर सेरेसोल हा स्विस अभियंता युद्धविरोधी होता. १९२० साली त्याने निरनिराळ्या देशांतील मूठभर लोकांना घेऊन फ्रान्समध्ये वेर्दूनजवळच्या एन या उद्ध्वस्त खेड्यात पुनर्रचनेचे काम हाती घेतले. त्या तुकडीत जर्मनही होते. ज्यांच्या तोफांनी ते गाव जमीनदोस्त झाले त्यांच्याच देशबांधवांनी ते पुन्हा उभारण्यास हात लावावा, ही कल्पना उदात्त होती. त्यांनी लाकडी घरे उभारली, तोफगोळ्यांनी विदीर्ण झालेली जमीन सारखी केली. तथापि जर्मनांविषयीचा तेथील रोष शमला नाही, आणि काम अर्धवट टाकून तुकडीला गाव सोडावे लागले. या प्रयत्नातून पुढे आंतरराष्ट्रीय नागरी सेवेची संस्था वाढली. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला, तेव्हा हाच सेरेसोल थोड्या सहकाऱ्यांसह तेथे आला आणि १९३७ पर्यंत पुनःपुन्हा येऊन नव्या वस्त्या उभारण्याच्या कामात राबला. उत्तर हिंदुस्थानातील आमच्या वाचकांपैकी ज्यांची घराणी त्या काळी मुजफ्फरपूरकडे असतील, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी कुदळ घेतलेला तो गोरा मनुष्य कदाचित पाहिलाही असेल.

सेरेसोलची तुकडी गावासाठी राबली. पण ती गावाच्या घरांत राहिली नाही, आणि त्या उद्ध्वस्त गावात तसे राहणे शक्यही नव्हते. स्वयंसेवकांनी आपापसांत राहावे, एकत्र जेवावे आणि दिवसभर परक्यांसाठी कष्ट करावेत, हीच शिबिराची घडी पुढे अनेक वर्षे टिकली. तीत श्रमाचे मोल मोठे होते. परंतु शेजाऱ्याच्या मनातील गाठ कुदळीने सुटत नाही, हे एन गावानेच प्रथम दाखवून दिले होते.

ही गाठ दुसऱ्या मार्गाने सोडवू पाहणारा मनुष्य अमेरिकेत निघाला. डोनाल्ड वॉट हा सिराक्यूज विद्यापीठात काम करीत होता. १९३२ साली त्याने काही अमेरिकन मुलांना युरोपात नेले आणि तेथील मुलांसह त्यांचे शिबिर भरविले. एकत्र राहूनही मुले आपापल्या देशवासीयांतच घोटाळत राहतात, असे त्याला आढळले. तेव्हा पुढील वर्षापासून त्याने पद्धतच बदलली. एका घरी एकच परदेशी तरुण राहील, त्या घरची माणसे जे खातील ते तो खाईल, आणि त्या घरचा मुलगा समजून वागविला जाईल, हा त्याच्या ‘एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ या संस्थेचा गाभा ठरला. संस्थेच्या नावातच ‘प्रयोग’ हा शब्द आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वॉटने १९६७ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, त्या ग्रंथाच्या नावाचा अर्थ ‘बुद्धी पुरेशी नाही’ असा होतो. विद्यापीठात काम केलेल्या माणसाने हे नाव निवडावे यातच त्याच्या अनुभवाचे सार आले.

१९३४ साली या संस्थेतर्फे जर्मनीत जाऊन राहिलेल्या तरुणांत सार्जंट श्रायव्हर नावाचा एक विद्यार्थी होता. हिटलर सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष लोटले होते. १९३९ च्या उन्हाळ्यात हाच श्रायव्हर अशाच एका गटाचा प्रमुख म्हणून फ्रान्समध्ये होता, आणि तो उन्हाळा सरता-सरता दुसरे महायुद्ध पेटले. एका घरात एकत्र जेवल्याने राष्ट्रे युद्ध टाळतात, असे मानणाऱ्या भाबड्या आशेला हे उत्तर पुरेसे आहे. यजमानाच्या घरचा अनुभव जगाचा इतिहास बदलीत नाही. तो फार तर एका माणसाची समजूत बदलतो. पण कधीकधी त्या एका माणसाच्या हाती पुढे मोठे काम येते. श्रायव्हरच्या बाबतीत तसे झाले.

१४ ऑक्टोबर १९६० च्या पहाटे दोनच्या सुमारास, निवडणुकीच्या दौऱ्यावर असलेले जॉन केनेडी मिशिगन विद्यापीठात पोहोचले. इतक्या रात्रीही विद्यार्थ्यांचा मोठा जमाव त्यांची वाट पाहत उभा होता. तुमच्यापैकी किती जण आपली काही वर्षे घानासारख्या देशात जाऊन काम करण्यास तयार आहेत, असा प्रश्न त्यांनी पायऱ्यांवरून केला. निवडून आल्यावर १ मार्च १९६१ रोजी त्यांनी ‘पीस कोअर’ या शांतिदलाच्या स्थापनेचा आदेश काढला आणि त्याचे प्रमुखपद आपले मेहुणे श्रायव्हर यांच्याकडे सोपविले. त्याच वर्षी ३० ऑगस्ट रोजी पहिली तुकडी घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. त्या एक्कावन्न शिक्षकांनी विमानातून उतरताच स्थानिक त्वी भाषेत गीत म्हटले. पाहुण्याने दारातच यजमानाच्या भाषेत बोलावे, हा शुभशकुन होता. इंग्लंडमध्ये अलेक आणि मोरा डिक्सन या दांपत्याने १९५८ सालीच नुकती शाळा सोडलेली मुले सारावाक, घाना, नायजेरिया अशा ठिकाणी पाठविण्यास आरंभ केला होता. परंतु त्या मुलांची तयारी म्हणून वेगळे शिक्षण असे फारसे नव्हते. अमेरिकनांनी मात्र तयारीचे शास्त्रच बनवावयाचे ठरविले.

हे शास्त्र कसे होते, ते पाहण्यासारखे आहे. उमेदवारांना अमेरिकेतील निरनिराळ्या विद्यापीठांत दोन-तीन महिने ठेवीत. सकाळी व्यायाम, मग भाषेचे तास, मग त्या देशाचा इतिहास, आरोग्य, अमेरिकेचा इतिहास. शिवाय १९६१ च्या कायद्यातच कलम घालून साम्यवादाच्या धोक्याचेही शिक्षण आवश्यक केले होते. मानसशास्त्रज्ञ त्यांचे निरीक्षण करीत. आपल्या सोबत्यांपैकी कोण योग्य आणि कोण अयोग्य वाटतो, हे उमेदवारांना लिहून द्यावे लागे. अखेरीस निवड मंडळ बसे आणि काहींना तेथूनच घरी पाठवीत असे. पोर्तो रिको बेटावर आरेसिबोजवळ खास शिबिरे उघडली होती. तेथे दोरावरून कडा उतरावयाचा, हातपाय बांधून पाण्यात तरंगावयाचे, रानात एकट्याने दिवस काढावयाचे, असा अभ्यासक्रम असे. हवाई बेटावरील वाइपिओ दरीत तर आग्नेय आशियातील खेड्याची प्रतिकृतीच उभारण्यात आली होती. गवताच्या छपराच्या झोपड्या बांधून, फिलिपाइन्स, थायलंड, बोर्निओकडे जाणाऱ्यांनी तेथे राहून सराव करावा, अशी योजना होती.

वाइपिओचे ते खेडे आमच्या मनातून जात नाही. तेथे झोपड्या होत्या, पाणी आणावे लागे, चूल पेटवावी लागे. सारे काही हुबेहूब असावे असा प्रयत्न होता. फक्त त्या झोपड्यांत ज्यांचे घर होते अशी माणसे नव्हती. सासूची नजर नव्हती, शेजारणीची कुजबुज नव्हती, रात्री खोकणारा म्हातारा नव्हता, परक्याकडे टक लावून पाहणारे मूल नव्हते. गैरसोय सोसण्याचा सराव त्या खेड्यात मिळाला असेल. पण पुढे ज्या खेड्यात दोन वर्षे काढावयाची, तेथे गैरसोयीपेक्षा माणसेच अधिक अवघड वाटणार होती, आणि त्यांचा सराव झोपड्या उभारून होत नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. ऑक्टोबर १९६१ मध्ये नायजेरियाला जाणारी तुकडी हार्वर्डमधील शिक्षण आटोपून इबादानच्या विद्यापीठ महाविद्यालयात पुढील शिक्षण घेत होती. तेथील एका तरुण स्वयंसेविकेने आपल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिले. येथील दैन्य पाहून आपण हादरलो, येथे माणसे सारे काही रस्त्यावरच करतात, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. ते पोस्टात पडण्यापूर्वीच कोणाच्या तरी हाती लागले, त्याच्या नकला निघाल्या आणि विद्यार्थ्यांची निषेधसभा भरली. नायजेरियाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा एकच वर्ष झाले होते. ज्या विद्यार्थ्यांबरोबर ही मंडळी एकाच आवारात राहत होती, त्यांनीच त्यांना परत पाठविण्याची मागणी केली. त्या मुलीने क्षमा मागितली आणि तिला मायदेशी परतावे लागले.

या प्रसंगाकडे आम्ही त्या मुलीच्या दोषाची गोष्ट म्हणून पाहत नाही. तिने जे लिहिले तसे परदेशी गेलेल्या हजारो माणसांनी घरी लिहिले असेल. आपल्याकडील विलायतेस गेलेल्या मंडळींनीही तेथील लोकांच्या स्नानाविषयी आणि कागदाच्या उपयोगाविषयी जे लिहिले ते काही सौम्य नव्हते. तिची उणीव एवढीच होती की तिने रस्ता पाहिला होता; घर पाहिले नव्हते. वसतिगृहाच्या खिडकीतून दिसणारे जग हे नेहमी रस्त्याचेच असते. त्या रस्त्यावर कांदे विकणारी बाई रात्री कोणत्या घरी परतते, तेथे ती कोणाची आई आणि कोणाची सून असते, आपल्या अंगणात ती पाहुण्याला कोणत्या शब्दांनी बसावयास सांगते, हे ठाऊक असणाऱ्याच्या लेखणीतून तेच पोस्टकार्ड वेगळे उतरले असते.

हिंदुस्थानात पीस कोअरची पहिली तुकडी डिसेंबर १९६१ मध्ये पंजाबात आली. १९७६ साली हे काम येथे थांबेपर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक येऊन गेले. कोणी कुक्कुटपालन शिकविले, कोणी शाळेत शिकविले, कोणी आरोग्यकेंद्रात काम केले. त्यांत मराठी वाचकाला विशेष वाटावे असे एक नाव आहे. जॉर्जिया प्रांतातील लिलियन कार्टर ही परिचारिका १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वयंसेविका म्हणून निघाली. शिकागो विद्यापीठातील तिच्या शिक्षणात मराठीचे धडे होते. मुंबईत विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत तिने दोन वर्षे काढली. प्रथम कुटुंबनियोजनाचा प्रचार तिच्या वाट्याला आला, तो तिला मानवला नाही. पुढे ती दवाखान्यात रमली. तिने घरी लिहिलेली पत्रे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा तिचा मुलगा जिमी अमेरिकेचा अध्यक्ष झालेला होता.

तिची एक गोष्ट सांगतात. वसाहतीतील माळी तिला भाजी आणि फुले आणून देई, आणि मोबदल्यात ती त्याच्या मुलीला लिहावयास-वाचावयास शिकवी. सेवेच्या कागदोपत्री या व्यवहाराला स्थान नव्हते. ती आली होती देण्यासाठी. परंतु माळ्याने तिला आधी घेण्यास लावले. आमच्या मते त्या भाजीच्या जुडीपाशी तिचे शिक्षण पुरे झाले. जो काही घेत नाही त्याला खेड्यातील माणूस साहेब समजतो. जो घेतो आणि आपल्या कुवतीप्रमाणे परत करतो, त्याला तो शेजारी समजतो.

हाच विचार अधिक कठोर शब्दांत मांडणारा एक मनुष्य त्या काळी मेक्सिकोत होता. इव्हान इलिच या धर्मोपदेशकाने १९६१ पासून क्वेर्नावाका येथे केंद्र चालविले होते. लॅटिन अमेरिकेत कामाला जाणाऱ्यांना तेथे स्पॅनिश शिकवीत. २० एप्रिल १९६८ रोजी त्याने उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. तुम्ही पाहावयास या, शिकावयास या, आमचे डोंगर चढावयास या, पण मदत करावयास येऊ नका, असा त्याच्या सांगण्याचा मथितार्थ होता. ज्यांची भाषा येत नाही, ज्यांच्यापुढे आपण कसे दिसतो हे कळत नाही, त्यांच्यावर आपले औदार्य लादणे हा त्याला उद्धटपणा वाटे. हे भाषण ऐकणाऱ्यांच्या मनाला झोंबले असेल. आम्हांसही ते पूर्णपणे मान्य नाही. कारण पाहण्या-शिकण्यासाठी येणारा मनुष्य आजाऱ्याच्या उशाशी नुसता बसून राहील, असे जग आम्हांला नको आहे. तरीही एक गोष्ट इलिचने अचूक ओळखली होती. मदतीला येणारा हा आधी पाहुणा असतो, आणि पाहुणा होणे ज्याला जमले नाही त्याची मदत यजमानाला ओझे होते.

साठीच्या दशकाच्या अखेरीपासून पीस कोअरचे शिक्षण अमेरिकन विद्यापीठांतून उचलून हळूहळू त्या-त्या देशात हलविण्यात आले, आणि सत्तरीच्या दशकात तीच सर्वसाधारण पद्धत झाली. पुढे ते शिक्षण शहरातील केंद्रातून खेड्यात आले आणि खेड्यातून घरात शिरले. आजची घडी साधारणतः अशी आहे. नवागतांनी पहिले तीन महिने एखाद्या खेड्यात काढावयाचे. चार-पाच जणांच्या गटाला त्याच देशाचा एक भाषाशिक्षक. आणि प्रत्येकाचे बिऱ्हाड वेगळ्या कुटुंबात. सकाळी शिक्षकापुढे शिकलेले वाक्य संध्याकाळी चुलीपुढे वापरावयाचे, आणि तेथे ऐकलेले न कळलेले वाक्य दुसऱ्या दिवशी शिक्षकापुढे आणावयाचे. ज्या श्रायव्हरने १९३४ साली परक्या घरचे अन्न खाल्ले होते, त्याच्याच संस्थेला हे घर सापडण्यास इतकी वर्षे लागली!

या घरात काय शिकावयास मिळते, ते नेपाळच्या उदाहरणावरून आपल्याला चटकन समजेल. नेपाळात हे स्वयंसेवक १९६२ पासून येऊ लागले. तेथील यादवीमुळे २००४ साली काम थांबले, आणि २०१२ साली पुन्हा सुरू झाले. इंग्रजीत समोरच्या प्रत्येकाला एकच सर्वनाम पुरते. नेपाळीत ‘तँ’, ‘तिमी’ आणि ‘तपाईं’ अशा पायऱ्या आहेत. व्याकरणाच्या पुस्तकात त्या पायऱ्या अर्ध्या पानात उरकतात. परंतु घरात धाकट्याला कोणते सर्वनाम, आजीला कोणते, आणि नवऱ्याने बायकोला कोणते वापरावयाचे व बायकोने नवऱ्याला कोणते, हे ऐकताना त्या समाजाची सारी उतरंड कानांवाटे आत जाते. पाहुण्यालाही तेथे नुसते नाव राहत नाही. तो कोणाचा ‘दाइ’ होतो, कोणाचा ‘भाइ’, ती कोणाची ‘दिदी’ होते, आणि घरच्या बाईला ‘आमा’ म्हणावयाचे असते. नाते जोडले की नात्याची बंधनेही येतात. आमाला न सांगता बाहेर जाता येत नाही, न जेवता निजता येत नाही.

तसाच ‘जुठो’ हा शब्द. आपल्या ‘उष्टे’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ. ओठ लागलेला पेला दुसऱ्याला देऊ नये, स्वतःच्या ताटातला चमचा वाढण्याच्या भांड्यात घालू नये, हे आपल्या मुलांना सांगावे लागत नाही. परंतु ज्याच्या भाषेत हा शब्दच नाही, त्याला तो नियम आरोग्याचा वाटतो आणि म्हणून स्वच्छ चमच्याने तो खुशाल मोडतो. जुन्या वळणाच्या ब्राह्मण घरात तर परक्याला चुलीपाशी प्रवेशच नसे. त्याचे पान ओसरीवर मांडीत. ओसरीवर एकट्याने जेवणाऱ्या त्या गोऱ्या तरुणाला, जगातील श्रीमंत राष्ट्राच्या नागरिकाला, आपण येथे अस्पृश्य आहोत हे आयुष्यात प्रथमच कळले असेल. याच गावात असे आणखी कोण आहेत, आणि त्यांना पिढ्यान्‌पिढ्या काय वाटत आले असेल, असा प्रश्न त्याला पडला असेल तर ती ओसरीही त्याची शाळाच ठरली. वार लावण्याची आमची रीत सांगताना ज्या उंबरठ्याचा उल्लेख केला, तो हाच.

अतिथीला देव मानावे असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण देव झालेला पाहुणा काही शिकत नाही. त्याला पाट मिळतो, पहिली वाढी मिळते आणि खरे काहीच सांगितले जात नाही. तिसऱ्या दिवशीही मुक्काम न हलविणाऱ्या पाहुण्याच्या अकलेविषयी आपल्या म्हणीने शंका घेतली आहे. पण शिक्षण खरे म्हणजे त्या तिसऱ्या दिवशीच सुरू होते. घरातील माणसे त्याच्यासमोर भांडू लागतात, उसने मागावयास आलेल्या शेजाऱ्याविषयी मोकळेपणाने बोलतात, आणि अंघोळीला पाणी जास्त घेतल्याबद्दल घरची बाई त्याला चार शब्द ऐकविते. ते चार शब्द म्हणजे त्याचा दाखला होय.

आता दुसऱ्या बाजूकडे वळावयास हवे. स्वयंसेवकांनी आपल्या आठवणींची कितीतरी पुस्तके लिहिली. पीस कोअरमधून आजवर दोन लाख चाळीस हजारांवर माणसे गेली. त्यांच्या पत्रांचे, रोजनिशांचे संग्रह ग्रंथालयांत आहेत. ज्या घरांनी त्यांना बोलावयास शिकविले त्या घरांचा असा संग्रह कोठे आहे? नवागतासाठी एक वेगळी, कुलूप लावता येईल अशी खोली हवी, ही संस्थेची अट असते. दोन-तीन खोल्यांच्या घरात ती खोली कोणाची तरी असतेच. कोणी मुलगा, कोणी आजी ती रिकामी करून देते. पाणी उकळून द्यावे लागते, तिखट कमी करावे लागते, एका अर्धवट बोलणाऱ्या प्रौढ माणसाची लहान मुलासारखी काळजी घ्यावी लागते. त्याबद्दल घराला पैसे मिळतात. पैसे मिळतात म्हणून ते यजमान नव्हेत, केवळ खानावळवाले, असे कोणी म्हणेल तर आम्ही ते मानणार नाही. तांदळाला पैसे पडतात, ते घेण्यात लाज कसली? पण पाहुण्याला ताप आल्यावर रात्रभर जागणे त्या हिशेबात बसत नाही. शिक्षकाला वेतन मिळते म्हणून त्याचे गुरुत्व कमी होत नाही. मग या आमांनाच वेगळा न्याय का?

आणि हे काम एकदाच करावयाचे नसते. तीन महिन्यांनी स्वयंसेवक शपथ घेऊन आपल्या कामाच्या गावी जातो. पुढल्या वर्षी त्याच घरी दुसरा येतो. पुन्हा पहिल्या शब्दापासून आरंभ, पुन्हा तेच जुठो, पुन्हा तेच पाणी. ज्या घरांनी असे अनेक जण घडविले असतील, त्यांच्याइतका अनुभव कोणत्या प्राध्यापकाला असेल? तरी त्यांच्या नावापुढे कोणतीही पदवी लागत नाही.

मार्च २०२० मध्ये कोरोनाची साथ जगभर पसरली, तेव्हा पीस कोअरने आपले सर्व स्वयंसेवक, साठांवर देशांतून सुमारे सात हजार माणसे, काही दिवसांत मायदेशी परत नेली. संस्थेच्या इतिहासात असे पूर्वी कधी झाले नव्हते. पुढे मार्च २०२२ पासून त्यांचे जाणे पुन्हा सुरू झाले. त्या परतीची हकीकत जी वाचावयास मिळते ती विमानतळांची, अर्धवट राहिलेल्या कामांची आणि तरुणांच्या दुःखाची. ती खरीच आहे. पण त्याच दिवशी हजारो घरांत एक खोली अकस्मात रिकामी झाली, एक पान कमी मांडले गेले. निरोपाचा टिळा लावण्यास किंवा वाटेत खावयास काही बांधून देण्यास पुष्कळांना वेळही मिळाला नसेल. आजार ज्यांच्या दाराशी येत होता ती माणसे मागेच राहिली. सुरक्षित स्थळी परतण्याचे तिकीट पाहुण्यापाशी असते आणि यजमानापाशी नसते, हे सत्य एरवी सौजन्याच्या पडद्याआड असते. त्या आठवड्यात ते उघडे पडले. स्वयंसेवकाला पुरतेपणी पाहुणा होता येते, पण शेजारी होताना त्याला येथे एक पायरी कमी पडते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. ती पायरी शिकवून चढता येत नाही. ती आहे एवढे ध्यानात ठेवणे, हेच त्याच्या हाती आहे.

या इतिहासातून आम्हांला जे दिसले ते हे. सेवेची तयारी म्हणून कडे उतरविणाऱ्यांनी आणि खोटी खेडी बांधणाऱ्यांनी माणसाचे धैर्य तपासले; पण दोन वर्षे परक्यांत काढावयास लागणारे धैर्य वेगळ्या जातीचे असते. आपल्याला काही येत नाही हे एखाद्या सहा वर्षांच्या पोरीसमोर मान्य करण्याचे, तिच्या हसण्यावर हसण्याचे आणि पुन्हा तेच वाक्य म्हणण्याचे ते धैर्य होय. ते ज्याला साधले त्याने पुढे विहीर खणली काय किंवा शाळेत शिकविले काय, त्याचे काम गावाला आपले वाटण्याची आशा असते.

हे नियतकालिक ज्यांच्या हाती पडते ते बहुतेक वाचक मराठी मुलुखाबाहेर राहतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, कोलकाता, दिल्ली, कोठेही असोत. त्यांच्या घराण्यात कोणीतरी एकदा पहिल्यांदा परक्या भाषेच्या गावात उतरला होता, आणि कोणत्या तरी शेजारणीने त्याच्या बायकोला बाजारात काय मागावयाचे आणि कोणत्या शब्दाने मागावयाचे ते सांगितले होते. त्या शेजारणीचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? घरात अजून कोणी सांगणारे असेल तर ते विचारून घ्यावे आणि लिहून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे. पाहुण्यांनी आपला इतिहास लिहिला आहे. यजमानांचा इतिहास अजून लिहावयाचा आहे, आणि तो बहुधा पाहुण्यांच्या वंशजांनाच लिहावा लागेल.